दर्शनी बाजूचा रुडी

"ओढू नकोस रे त्याला, चालव," लिब्बी मागून म्हणाली. "तू ओढतोस, तो मान ताठ करतो. मान ताठ केली की ढेकर यायचा कसा?"

"मला जनावरं शिकवू नकोस," रुडी डोलेझल पुढून म्हणाला आणि त्यानं दोर आणखी जोरात ओढला.

चर्चची अर्धी वाट संपली होती. पुढे रुडी, इस्त्रीची घडी न मोडलेल्या ओव्हरऑलमध्ये. मध्ये चर्चचा गोऱ्हा, तांबड्या अंगाचा, पांढऱ्या तोंडाचा, ढेकर यावा म्हणून जबड्यात आडवी काठी बांधलेला आणि डाव्या कुशीनं नगाऱ्यासारखा फुगलेला. आणि मागे लिब्बी चेर्नी, डोक्यावर रविवारची फुलाफुलांची टोपी, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, आभाळ लख्ख होतं. गोऱ्हा थबकला की ती छत्रीचं टोक त्याच्या मांडीला लावायची.

लिब्बी मासला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, निघाली होती, तेव्हा रुडीच्या कुंपणापाशी तिला हे ध्यान दिसलं. शेजार लहानपणापासूनचा, शाळाही एकच, त्यामुळे न थांबता पुढे जाणं काही जमलं नाही, आणि चालवलं तर पोटातला वारा सुटेल म्हणून दोघांनी त्याला रस्त्याला लावलं. नवरा वारल्यापासून तिची वासरं ती एकटीच वाढवायची. आणि चर्चच्या मासिकात दर महिन्याला एका घराची हकीकत लिहायचं कामही तिच्याकडेच होतं, कारण बाकी कुणाला वेळ नव्हता. या महिन्याला पाळी डोलेझलांची होती. रुडीनं आठवडाभर आधीच स्वतःचे तीन फोटो तिच्याकडे आणून दिले होते आणि कुठला छापायचा तेही सांगून ठेवलं होतं.

ज्याला रुडी समजून घ्यायचा आहे त्यानं आधी त्याचं कोठार बघावं. रस्त्यावरून बघितलं तर इतकं लाल आणि इतकं तुकतुकीत कोठार प्लॅट नदीच्या सगळ्या खोऱ्यात नाही. दर दोन वर्षांनी रंग. पण तो एकाच बाजूला. उरलेल्या तीन बाजू त्याच्या बापानं, म्हाताऱ्या वेन्झेलनं, शेवटचा रंग दिला तेव्हापासून उन्हापावसात कुजताहेत. जनावरांचंही तसंच. जी गुबगुबीत, ती रस्त्याकडेच्या वाड्यात. जी लंगडी, खोकरी, मागासलेली, ती कोठारामागे. रुडीची बायको ॲग्नेस म्हणते, "आमच्या घरात पाहुण्यांच्या बाजूचा टेबलक्लॉथ धुतला जातो." ती हे हसत म्हणते, पण एकदा म्हणून थांबत नाही.

हे वेड त्याला कुठून लागलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. लहानपणी बापाबरोबर तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत गेला होता. तिथे एका बैलाला शेपटीला कंगवा करून, खुरांना तेल लावून उभा केला होता, आणि माणसं रांग लावून त्याच्याकडे बघत होती. वेन्झेलची स्वतःची जनावरं गवत खायची, मका निघाला की धाटं खायची, हिवाळ्यात खड्ड्यात मुरवलेला चारा, मुरघास, खायची आणि बघायला कुणी यायचं नाही. पोरानं त्या दिवशी काय ठरवलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, पण पुढे चाळीस वर्षं तेच केलं. सैन्यात गेला, तर कॅन्ससमध्ये खेचरांना वैरण टाकली, आणि परत आल्यावर ते अशा आवाजात सांगायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, खेचरांनीच युद्ध जिंकलं आणि खेचरांना जिंकवलं यानं.

चाऱ्याचं बोलायला लागला की थांबत नाही. खाद्याच्या पोत्यावर जे छापलेलं असतं ते त्याला तोंडपाठ आहे. प्रथिनं, खनिजं, कॅल्शियम, फॉस्फरस. चर्चमधली प्रार्थना तो इतक्या भक्तीनं म्हणत नसेल. फक्त एक गोष्ट पोत्यावर छापलेली नाही आणि ती रुडीला कधी कळली नाही. वाढत्या वासराला आधी हाड धरू द्यायचं असतं, मग मांस, आणि चरबी सगळ्यात शेवटी. त्यासाठी गवत, मुरघास, थोडी पेंड आणि बेताचा मका पुरे, पण रोज तेवढाच आणि रोज त्याच वेळी. रुडीला चरबी आधी लागते, कारण चालत्या गाडीतून हाड दिसत नाही. त्याची वासरं बाजारात गेली की व्यापारी त्यांच्या पाठीवर तळवा दाबून बघतात, एकमेकांकडे बघतात आणि भाव उतरवतात. "ही आधीच जाड झालीत, आता आम्ही यांना काय वाढवणार?" म्हणतात. रुडी घरी येऊन सांगतो, व्यापारी जळतात.

अशा माणसाच्या घरी त्या वर्षी चर्चचा गोऱ्हा आला होता.

दरवर्षी ऑक्टोबरात सगळ्या पॅरिशचं, म्हणजे या चर्चच्या सगळ्या घरांचं, एक मोठं जेवण होतं. त्याचा गोऱ्हा आदल्या शरदात, आईपासून तोडला की, एका घराकडे सोपवला जातो. कुठलं घर, ते फादरांच्या टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवतात, आणि एकदा नाव निघालं की सगळी घरं संपेपर्यंत पुन्हा निघत नाही. त्या घरानं वर्षभर त्याला देवाचं म्हणून वाढवायचं आणि मग सगळ्यांनी बसून, काट्यानं, जिभेनं, त्या घराची परीक्षा घ्यायची. चांगलं निघालं तर लोक दोन दिवस बोलतात. वाईट निघालं तर काय होतं, हे फ्रँक हाइडाला विचारावं. फ्रँककडचा गोऱ्हा एका उन्हाळ्यात मेला. त्या ऑक्टोबरात पॅरिशनं बटाट्याच्या डंपलिंगबरोबर डब्यातले मासे खाल्ले. तेव्हापासून तो डबामासा हाइडा, त्याचा मुलगा डबामासा हाइडाचा, आणि आता शाळेत नातवालाही पोरं विचारतात, "डब्यात आज काय आणलंस?"

म्हणून रुडीच्या हातातला तो दोर नुसता गोऱ्ह्याचा नव्हता. दुसऱ्या टोकाला त्याचं आडनाव बांधलेलं होतं.

"काल काय घातलंस?" लिब्बीनं विचारलं.

"नेहमीचंच."

"रुडी, त्याची कूस बघ. नेहमीचं खाऊन हे होतं?"

"थोडा मका. वाढतं अंग आहे."

मागून गाडीचा आवाज आला. रुडीनं झटकन खांदे मागे घेतले, दोर सैल धरला आणि फिरायला निघालेल्या माणसासारखं तोंड केलं. गाडी शेजारी येऊन मंद झाली. आत स्वोबोडा नवरा-बायको, मागे पोरंबाळं, सगळी धुतलेली, विंचरलेली.

"काय रे रुडी, याला मासला नेतोस का काय?" स्वोबोडानं काच खाली केली.

"चालायची सवय लावतोय. पाय सुटतात."

"आणि तोंडात काठी?"

"दातांसाठी."

"दातांसाठी?"

"मजबूत होतात," रुडी म्हणाला. लिब्बीला मोठा खोकला आला.

स्वोबोडाची बायको वाकून बघत होती. "पोट काय छान भरलंय गं बाई याचं! आमच्या वासरांच्या तर बरगड्या दिसतात."

गोऱ्हा जीभ बाहेर काढून धापा टाकत होता, डोळे बाहेर आले होते, आणि तरी, लिब्बीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, रुडीचा चेहरा फुलला. "खाणं नीट घालावं लागतं," तो म्हणाला.

गाडी गेली. लिब्बी म्हणाली, "गुरांच्या डॉक्टर कुबिकला निरोप द्यायचा होतास त्यांच्याजवळ. तो चर्चमध्येच असेल, गायनात."

"आणि सगळ्या चर्चला कळू दे? त्यापेक्षा त्याला फटाका लावतो."

"तो स्वतःच फुटेल थोड्या वेळानं, फटाका कशाला?"

त्यानंतर आणखी गाड्या गेल्या. एकाला रुडीनं सांगितलं की गोऱ्ह्याला घंटेचा आवाज ओळखीचा करायचा आहे. दुसऱ्याला सांगितलं की लिब्बीला सोबत हवी होती. ते ऐकून लिब्बीनं छत्रीचं टोक चुकून रुडीच्याच मांडीला लावलं.

मग एक जुनी गाडी आली आणि मंद न होता सरळ थांबली. आत एकटा फ्रँक हाइडा होता. त्यानं काही विचारलं नाही. बराच वेळ तो गोऱ्ह्याकडे बघत राहिला.

"डाव्या कुशीवर टिचकी मार," शेवटी तो म्हणाला.

"मी तुला विचारलं का, फ्रँक?"

"नाही विचारलंस. मीही तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं." त्यानं गाडी सुरू केली. "माझा पुलापर्यंत चालला होता. चांगला चालत होता."

धूळ खाली बसली. मग रुडीनं हळूच, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, गोऱ्ह्याच्या कुशीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला, भोपळ्यावर मारल्यासारखा. आणि जणू त्या टिचकीचीच वाट बघत असल्यासारखा गोऱ्हा पुढच्या गुडघ्यांवर बसला.

"उठ," रुडी म्हणाला. "उठ रे. ए राजा, उठ ना."

लिब्बीनं मनातल्या मनात सगळ्या संतांची नावं घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, "पुढचे पाय उंचावर पाहिजेत याचे. चढावर उभा केला की वारा पुढे सरकतो, मग ढेकर येतो. कुठेतरी चढ शोध."

हे म्हणणं सोपं होतं. आमचं खोरं परातीसारखं सपाट आहे. रस्त्याकडेच्या चराला उतार होता, पण त्यात गुडघाभर पाणी होतं. रुडीकडे शेणाचा चांगला उंच ढीग होता, पण तो कोठारामागे, आणि कोठार केव्हाच मागे राहिलं होतं. डोळ्यांना दिसेल तिथपर्यंत सगळ्या मुलखात एकच उंचवटा होता, आणि त्यावर समुद्रापलीकडून आलेल्या म्हाताऱ्या बोहेमियन लोकांनी, नदीच्या पुराच्या भीतीनं, चर्च बांधून ठेवलं होतं.

रुडीनंही तिकडेच बघितलं. "नाही," तो म्हणाला.

"मग इथेच मरू दे."

"सगळे तिथे आहेत, लिब्बी!"

"सगळे आत आहेत. मास सुरू झालाय. बाहेर चिटपाखरू नसेल. चढव, ढेकर काढ, उतरव, घरी ने."

हे त्याला पटलं. रुडीला नेहमी असंच काही पटतं. दोघांनी मिळून गोऱ्ह्याला उठवलं, एकानं दोर, एकीनं शेपटीचं बूड. लिब्बीची टोपी एका कानावर आली, जपमाळ गोऱ्ह्याच्या पाठीवर लोंबायला लागली. अडखळत, थांबत, ढकलत ती तिघं टेकडीच्या पायथ्याशी आली. गाड्यांच्या रांगेत चिटपाखरू नव्हतं हे खरं. पण जून महिना होता, उकडत होतं, आणि चर्चच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

चढ अगदी खिडकीखालून जात होता. रुडी वर सरकला, गोऱ्हा त्याच्यामागे, पुढचे पाय वर, मागचे खाली. लिब्बी त्याची डावी कूस दोन्ही तळव्यांनी मळायला लागली, जशी कणीक मळावी तशी. आत फादर शिमेकांचा लॅटिनमधला आवाज चालला होता. मग तो थांबला. छोटी घंटा वाजली. सगळी माणसं गुडघे टेकून, माना खाली घालून बसली असणार, कारण आतून श्वासाचाही आवाज येत नव्हता. वर्षातल्या कुठल्याही रविवारी त्या देवळात जितकी शांतता असते त्यातली सगळ्यात खोल शांतता ती.

त्या शांततेत चर्चच्या गोऱ्ह्यानं ढेकर दिला.

तो ढेकर कसा होता हे लिब्बीला पुढे मासिकात लिहिता आलं नाही. एवढंच सांगता येईल की तो लांब होता, तो ओला होता, त्याला आंबलेल्या मक्याचा वास होता, आणि तो संपला असं वाटून लोक पुन्हा प्रार्थनेकडे वळले तेव्हा दुसरा आला. आत पहिल्या बाकावर ॲग्नेस बसली होती. शेजारणीनं डोळे विस्फारून तिच्याकडे बघितलं. ॲग्नेस डोळे मिटूनच म्हणाली, "आमचाच आहे."

रुडीला पळायचं होतं. पण गोऱ्ह्याला नव्हतं. खूप दिवसांनी पोट हलकं झालेल्या जनावराच्या समाधानानं तो तिथंच उभा राहिला, खिडकीखाली, आणि लिली फुलांच्या वाफ्यातली एक लिली खाऊ लागला. रुडीनं दोर ओढला, ढुंगणावर थाप मारली, विनवण्या केल्या. मास संपेपर्यंत तो हलला नाही.

मग दारं उघडली आणि सगळं पॅरिश टेकडीवर आलं.

सगळ्यात आधी आले डॉक्टर कुबिक, गायनाच्या पांढऱ्या झग्यातच. त्यांनी झग्याच्या बाह्या वर केल्या, कुशीला कान लावला, टिचक्या मारल्या, मागे जाऊन शेण बघितलं. पातळ होतं, राखाडी होतं, त्यात मक्याचे अख्खे दाणे होते.

"नशीब तुझं," ते म्हणाले. "वारा होता म्हणून निघाला. फेस असता तर चालवून काही झालं नसतं, तू याला स्मशानात चालवत नेलं असतंस. काय घालतोस याला?"

रुडीनं छाती पुढे काढली. "प्रथिनं बारा टक्के. खनिजं. कॅल्शियम..."

"पोतं काय म्हणतं ते नको. तू काय घालतोस?"

"तेच."

"रोज?"

माणसं जवळ सरकली. तेवढ्यात ॲग्नेस गर्दीतून पुढे आली, हातमोजे काढत, जेवण वाढायला निघाल्यासारखी शांत.

"सोमवार ते गुरुवार थोडं थोडं," ती म्हणाली. "गोऱ्हा खातच नाही, पोट बिघडलेलं असतं. शुक्रवारी काहीच नाही. शनिवारी सकाळीही नाही. शनिवारी संध्याकाळी मीठ चाटवायचं आणि मग मका, खाईल तेवढा, बादलीमागून बादली. वर पाणी. म्हणजे रविवारी सकाळी तुम्ही सगळे रस्त्यानं जाता तेव्हा पोट कसं, टम्म."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग टेकडीच हसायला लागली. स्वोबोडा गाडीच्या टपावर हात आपटून हसत होता. "दातांसाठी!" तो म्हणत होता. "अरे, दातांसाठी!" त्याची बायको मात्र हसत नव्हती, तिला बहुतेक आपणच केलेलं कौतुक आठवत होतं.

फादर शिमेक पायऱ्या उतरून आले. "रुडॉल्फ," ते म्हणाले, "शुक्रवारचा उपास आपण करतो तो मांस न खाण्याचा. मांसानंच उपास करावा असं मी कुठल्या प्रवचनात सांगितलं?"

"फादर, मी..."

"याचा बाप्तिस्मा तरी केव्हा झाला?"

पुन्हा हशा. डॉक्टर कुबिक मात्र हसले नाहीत. त्यांनी गोऱ्ह्याच्या जबड्यातली काठी सोडली. "याच्या पोटात लाखो बारीक जीव असतात," ते म्हणाले. "आपण चारा त्याला घालतो असं वाटतं, पण घालतो त्यांना. ते गवतावर वाढतात तसे मक्यावरही वाढतात, पण हळूहळू. दोन दिवस त्यांना उपाशी मारायचं आणि तिसऱ्या दिवशी मक्याच्या ढिगाखाली पुरायचं, मग आत आंबायला होतं. त्यांना रविवार कळत नाही, रुडी. बघ याच्याकडे. वर्षाचा झाला, आणि पाय बघ, अजून वासराचे. पोटाशिवाय काही वाढलेलंच नाही याचं."

आता पहिल्यांदा लोकांनी गोऱ्ह्याकडे नीट बघितलं. गाडी थांबवून, उतरून, समोर उभं राहून याआधी कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त जाता जाता बघितलं होतं आणि म्हटलं होतं, छान आहे. वारा निघून गेल्यावर तो आत चेपलेल्या पिशवीसारखा दिसत होता. अरुंद पुठ्ठा, बारीक पाय, मोठं डोकं. हशा थांबला. सगळ्यांना ऑक्टोबरचं जेवण दिसायला लागलं.

"याला दुसरीकडे द्या," कुणीतरी म्हणालं.

"लिब्बीकडे द्या."

"फ्रँककडे द्या!" एक टवाळ आवाज आला.

"नको," फ्रँक हाइडा लांबूनच म्हणाला. "मला एक पुरला." आणि मग, सगळे त्याच्याकडे बघायला लागले तेव्हा, "त्याच्याकडेच राहू द्या. माझा मेला त्या वर्षी कुणी येऊन बघितलं असतं तर मेला नसता. तेव्हा सगळे गाडीतूनच बघत होते."

फ्रँकला इतकं बोलताना गावानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनीही मान हलवली. जागा बदलली, पाणी बदललं, की पोट पुन्हा बिघडणार. इथेच ठेवा. काही दिवस नुसतं वाळलं गवत. मग मुरघास. मका मुठीनं सुरू करायचा आणि मुठीमुठीनं वाढवायचा. रोज त्याच वेळी. सकाळी गव्हाणीत काय उरलं ते आधी बघायचं, मग टाकायचं. "आणि पुन्हा फुगला," ते म्हणाले, "तर मी वारा काढायची जाड सुई घेऊन येईन आणि ती आधी कुणाला टोचायची ते तिथं आल्यावर ठरवीन."

"ऐकलंस, रुडॉल्फ?" फादर म्हणाले. "सगळं पॅरिश ऑक्टोबरात जेवायला येणार आहे. गोऱ्हा तुझ्याकडे. जा."

माणसं पांगली. सुटकेचा श्वास टाकायचा की मान खाली घालायची हे रुडीला ठरवता आलं नाही, म्हणून त्यानं ओव्हरऑलची घडी नीट केली. घडी आता कुठेच राहिली नव्हती.

परतीच्या वाटेवर गोऱ्हा हलक्या पायांनी पुढे आणि रुडी मागे. लिब्बीनं जपमाळ पुसून पर्समध्ये ठेवली होती. ॲग्नेसची गाडी मागून आली, जरा मंद झाली. रुडी आशेनं वळला.

"चालवा त्याला," ॲग्नेस काचेतून म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, चालणं चांगलं. दोघांनाही." आणि गाडी निघून गेली.

लिब्बीला वाटलं, आता रुडी मासिकाची गोष्ट काढणार. हे लिहू नकोस म्हणणार. उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. लिहिणार नाही असं नाही, पण ढेकर एकच लिहीन, दुसरा सोडून देईन.

पण रुडीनं मासिकाचं नाव काढलं नाही. पुलावर आल्यावर तो थांबला. खिशातून त्यानं एक किल्ली काढली, तेलकट, दोरीत ओवलेली.

"मक्याच्या कोठीची आहे," तो म्हणाला. "मार्चमध्ये कुलूप लावलं. ॲग्नेसनं बादल्या मोजू नयेत म्हणून."

"बरं मग?"

रुडी नदीकडे बघत होता. "मला माहीत होतं, लिब्बी. तो वाढत नाही हे मला दिसत होतं. मी आंधळा नाही. दर सोमवारी मी स्वतःला सांगायचो, आता बस. रोज सारखं घालायचं, हाड धरू द्यायचं. बुधवारपर्यंत तो नेम टिकायचाही. पण शनिवार संध्याकाळ झाली की..." त्यानं हात हवेत फिरवला, जणू समोरून गाड्यांची रांग चालली होती. "ते उद्या बघणार, असं व्हायचं. मग हात थांबायचा नाही."

लिब्बीनं पर्समधली जपमाळ चाचपली. असल्या वेळी ती मनातल्या मनात प्रार्थना म्हणते, आणि आज कुणासाठी म्हणावी, माणसासाठी की जनावरासाठी, हे तिला नीट कळेना. तिनं दोघांसाठी म्हटली.

"तू ठेव ही," रुडी म्हणाला आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. "रोज सकाळी येऊन तूच घालत जा. मोजून, तुझ्या हातानं. मी मागायला येईन. शनिवारी तर नक्की येईन. काहीतरी खोटंही सांगीन, कोठीत उंदीर शिरले म्हणीन, छप्पर गळतंय म्हणीन. देऊ नकोस."

"आणि रडलास तर?"

"तरी देऊ नकोस." त्यानं दोर हातात घेतला, दोन पावलं पुढे गेला आणि वळला. "आणि हे बघ, लिब्बी, कुणी विचारलं ना, तर सांग, रुडीनं मला कामावर ठेवलंय."